मीटर बदलले, फोटो काढला का?

एप्रिल-मे हा हिंगोली जिल्ह्यात लाईट बिलावरून भांडण्याचा हंगाम. पारा ४२ अंशांच्या पुढे, खिडकीत रात्रंदिवस कूलर, लग्नसराईमुळे घरात पाहुण्यांचा राबता, आणि नेमके याच दिवसांत महावितरणचे दोन वेगवेगळे कागद हातात पडतात. एक नेहमीचे बिल, दुसरे अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे. अलीकडे त्यात तिसऱ्या गोष्टीची भर पडली आहे. भिंतीवरचे जुने मीटर उतरवून त्याजागी नवे स्मार्ट मीटर बसते. या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या की वसमतच्या हळद बाजारापासून सेनगावच्या बसस्थानकापर्यंत एकच वाक्य ऐकू येते: ‘नवं मीटर पळतंय.’

पळते का? कधीकधी मीटर सदोष असू शकते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण फुगलेल्या बिलामागे मीटरखेरीज निदान चार-पाच कारणे असतात आणि ती ओळखता आली नाहीत तर तक्रार चुकीच्या टेबलावर जाते. ‘मीटर फास्ट आहे’ असा अर्ज दिला, तपासणीत मीटर बरोबर निघाले, आणि खरी चूक मात्र मीटर बदलीच्या नोंदीत होती. असे झाले की ग्राहकाचे महिने वाया जातात आणि थकबाकी वाढत राहते.

आधी थोडी पार्श्वभूमी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये वीज वितरण कंपन्यांसाठी ‘आरडीएसएस’ ही सुधारणा योजना मंजूर केली आणि देशभरात २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे लक्ष्य ठेवले. शेतीपंप त्यातून वगळले. महाराष्ट्रात महावितरणने ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कंत्राटे परिमंडळांचे गट पाडून दिली. नांदेड परिमंडळात नांदेड, परभणी आणि हिंगोली हे तीन जिल्हे येतात. मीटरला बारा हजारांच्या आसपास खर्च येणार, केंद्राचे अनुदान जास्तीत जास्त ९०० रुपये मिळणार, मग उरलेला भार कोणावर, असा प्रश्न वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तेव्हाच विचारला होता. ‘मीटर मोफत’ या घोषणेत तथ्य एवढेच की बसवताना ग्राहकाकडून पैसे घेतले जात नाहीत. त्यामुळे दारात आलेल्या माणसाने मीटरचे, वायरचे किंवा ‘चहापाण्याचे’ पैसे मागितले तर ते देऊ नयेत. कंत्राटाचा खर्च पुढे वीजदरात कसा आणि किती उतरतो, हा वाद वीज नियामक आयोगासमोरचा आहे. तो घराच्या ओट्यावर मिटणारा नाही.

प्रीपेडबद्दलही गोंधळ बराच आहे. मोबाईलसारखे आधी रिचार्ज, मग वीज, या कल्पनेला राज्यभर विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नसल्याचे जाहीर केले. त्यानंतर बसू लागली ती ‘टीओडी’ (टाइम ऑफ डे) मीटर, दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारी. म्हणजे मीटर स्मार्ट, पण बिल महिना झाल्यावर, पूर्वीसारखेच. यंत्र प्रीपेड चालवता येण्याजोगे आहे, हे खरे. भीतीचे मूळ तिथेच आहे. ती भीती निव्वळ कल्पनेतलीही नाही. १२ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन जन्माष्टमीला, उत्तर प्रदेशात यंत्रणेतून चुकीचा आदेश गेला आणि लखनौसह अनेक शहरांतल्या लाखाहून अधिक स्मार्ट मीटरधारकांची वीज एकाच वेळी गेली. तिथल्या सरकारला मीटर बसवणे थांबवावे लागले. मे २०२४ मध्ये बडोद्यात प्रीपेड मीटरवरून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा गुजरातमध्ये स्मार्ट मीटरच्या शेजारी पडताळणीसाठी दुसरे मीटर ठेवण्याची तयारी दाखवावी लागली. हे पडताळणी मीटर हिंगोलीच्या ग्राहकाच्याही उपयोगाचे आहे. त्याबद्दल पुढे.

आता मूळ मुद्दा. मीटर बदलण्याचे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकते आणि पुढची बहुतेक भांडणे याच पंधरा-वीस मिनिटांत जन्माला येतात. बहुतेकदा घरातले कर्ते माणूस शेतात किंवा दुकानात असते, घरी आजी किंवा शाळकरी मूल. कंत्राटदाराचा माणूस येतो, जुने मीटर काढतो, नवे लावतो, मोबाईलवर काही भरतो आणि पुढच्या घरी जातो. जुन्या मीटरवर शेवटी कोणता आकडा होता, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. ते मीटर गोदामात गेले की पुरावा गेला.

म्हणून घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की सांगून ठेवावी: मीटर काढण्याआधी त्याचा फोटो. फोटोत रीडिंगचा आकडा आणि मीटरचा क्रमांक दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. नवे मीटर बसले की त्याचाही तसाच फोटो. सुरुवातीचे रीडिंग शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ असायला हवे. आलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहावे, त्यावरचे कंपनीचे नाव टिपून ठेवावे. मीटर बदलीच्या अहवालावर सही मागितली तर त्यातले आकडे फोटोशी ताडून मगच सही करावी आणि त्याची प्रत किंवा निदान फोटो घ्यावा. कोरा कागद पुढे केला तर सही करू नये. आजीला मोबाईल वापरता येत नसेल तर शेजारच्या पोराला हाक मारावी, किंवा खडूने भिंतीवर आकडा लिहून ठेवावा. तोही काहीच नसण्यापेक्षा बरा.

हे एवढे जपायचे कशासाठी, ते एका हिशेबाने कळेल. समजा, कळमनुरीतल्या एका घराचे मागच्या बिलातले रीडिंग ४२१० होते. मीटर काढताना आकडा ४२६८ होता, म्हणजे जुन्या मीटरवर ५८ युनिट झाले. नव्या मीटरवर महिनाअखेर ४७ युनिट. एकूण १०५. पण नोंद करणाऱ्याने ४२६८ ऐवजी ४३६८ लिहिले तर जुन्या मीटरचे १५८ युनिट धरले जातील आणि बिल येईल २०५ युनिटचे. २०२४-२५ च्या दरपत्रकाने हिशेब केला, तेव्हा पहिल्या १०० युनिटना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटना १० रुपये २९ पैसे आणि प्रत्येक युनिटवर १ रुपया १७ पैसे वहन आकार होता, तर १०५ युनिटचे सुमारे ६४५ रुपये होतात आणि २०५ चे सुमारे १७९१. स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क वेगळेच. एका आकड्याच्या चुकीने अकराशेहून अधिक रुपयांचा फटका. आणि यात मीटरचा दोष कणभरही नाही.

तेव्हा मीटर बदलल्यानंतरचे पहिले बिल नुसते रक्कम बघून खिशात घालू नये. त्यात जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग, नव्याचे सुरुवातीचे आणि चालू रीडिंग कसे धरले आहे ते पाहावे. बिलाचा कालावधी किती दिवसांचा आहे तेही मोजावे. मीटर बदलीच्या धांदलीत कधी रीडिंग लांबते आणि तीस दिवसांऐवजी पंचेचाळीस दिवसांचे बिल एकदम येते. अशा वेळी शंभर युनिटचा स्वस्त टप्पाही दिवसांच्या प्रमाणात वाढायला हवा, म्हणजे दीडशे युनिटपर्यंत. तो वाढला नसेल तर तक्रार तिथे करावी. आधीचे दोन-तीन महिने सरासरी बिल येऊन एकदम खरे रीडिंग लागले असेल, तरी युनिट त्या त्या महिन्यांत वाटून टप्प्यांचा लाभ मिळायला हवा.

टप्प्यांची ही चाल अनेकांच्या लक्षात येत नाही. महिन्याला १०० युनिट जाळणारे घर उन्हाळ्यात १६० वर गेले तर वापर दीडपटीपेक्षा थोडा जास्त झाला. पण वरच्याच दराने ५८८ रुपयांचे १२७५ होतात, म्हणजे दुपटीहून जास्त. आणि साठ युनिट वाढायला काही एसी लागत नाही. दोनशे वॉटचा कूलर दिवसाला बारा तास चालला की महिन्याला ७२ युनिट होतात. ‘फक्त कूलरच तर लावला’ या वाक्यातला ‘फक्त’ महागात पडतो. म्हणून तुलना करायची तर मागच्या महिन्याशी नव्हे, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, आणि रुपयांची नव्हे, युनिटची. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. रुपये दर बदलल्यानेही वाढतात.

आता जुन्या मीटरचेही थोडे. चकतीचे मीटर वर्षानुवर्षे चालून झिजते, मंदावते. नऊ वॉटचा एक एलईडी, चार्जरमध्ये लटकलेला मोबाईल, स्टँडबायवर पडलेला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, असल्या किरकोळ ओढीला त्याची चकती हलतही नसे. इलेक्ट्रॉनिक मीटर हे सगळे मोजते. म्हणजे काही घरांत नवे मीटर पळत नाही, जुने लंगडत होते. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण तसे आहे. याची खरी झळ बसू शकते ती दारिद्र्यरेषेखालच्या घरांना. त्यांचा स्वस्त दर वर्षभराच्या ३६० युनिटच्या मर्यादेवर अवलंबून असतो. काटेकोर मोजणीत ही मर्यादा ओलांडली की पुढच्या वर्षी घर सर्वसाधारण वर्गात जाऊ शकते. अशा घरांनी महिन्याला तीस युनिटचा हिशेब डोळ्यात तेल घालून ठेवावा.

याहून मजेशीर, आणि गावाकडे हमखास आढळणारी, भानगड न्यूट्रलची. वाडा एक, भाऊ दोन, मीटर दोन; पण वायरिंग जुनेच. थोरल्याच्या खोल्यांची न्यूट्रल धाकट्याच्या बोर्डात जोडलेली. किंवा गोठ्यातला दिवा न्यूट्रलऐवजी अर्थिंगवर चालवलेला. आजची मीटर चोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांमधला प्रवाह मोजतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. परिणाम असा की थोरल्याच्या मिक्सरचे युनिट धाकट्याच्या मीटरवर चढू शकतात, आणि गोठ्यातल्या दिव्यामुळे मीटर छेडछाडीची नोंद करू शकते. चोरी कोणीच केलेली नसते. स्मार्ट मीटर येण्याआधी किंवा आल्यावर लगेच परवानाधारक वायरमनकडून दोन्ही घरांची न्यूट्रल वेगळी करून घेणे, हा या सगळ्या लेखातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फळ देणारा सल्ला असावा.

संशय असेल तर घरच्या घरी एक चाचणी करता येते. मेन स्विच बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहावा. तो थांबला पाहिजे. मेन बंद असूनही लुकलुकत राहिला तर मीटर ते मेन स्विच यांच्या दरम्यान कोणी वायर जोडली आहे का, किंवा वर सांगितलेली शेजारची न्यूट्रल आली आहे का, हे वायरमनला दाखवावे. दुसरी चाचणी मोजणीची. मीटरच्या पाटीवर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. बाकी सगळे बंद करून शंभर वॉटचा एकच जुना पिवळा बल्ब दहा मिनिटे लावला तर दिवा त्रेपन्नच्या आसपास लुकलुकायला हवा. दोन-चार इकडेतिकडे झाले तर हरकत नाही, विजेचा दाब कमीजास्त असतोच. ऐंशी-नव्वद भरले तर मात्र तक्रारीला आधार मिळाला.

तक्रार लेखी द्यावी, आणि पोच घ्यावी. शाखा कार्यालयात तोंडी सांगून ‘बघतो’ हे उत्तर घेऊन परत येणे म्हणजे तक्रार न करणेच. आधी शाखा, मग उपविभाग आणि विभागाचे कार्यकारी अभियंता, वर हिंगोली मंडळाचे अधीक्षक अभियंता, अशी उतरंड आहे. १९१२ किंवा १९१२० या क्रमांकांवर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा. अर्जात ‘बिल जास्त आले’ एवढेच न लिहिता नेमके काय हवे ते लिहावे: मीटर बदलीची नोंद तपासून बिल दुरुस्त करा, किंवा मीटरची चाचणी करा, किंवा पडताळणी मीटर बसवा. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, मीटरचे रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आली तर कंपनीने पाच दिवसांत जोडीला दुसरे मीटर लावून किमान तीन महिने वापर पडताळायचा आहे. बडोद्यात लोक रस्त्यावर उतरल्यावर जे देऊ केले गेले, ते नियमात आधीच लिहिलेले होते. अर्जात या दुरुस्तीचा उल्लेख करावा. टेबलापलीकडच्या माणसाला तो माहीत असेलच असे नाही.

तक्रारीला उशीर का करू नये, याचे एक रोकडे कारण आहे. राज्य आयोगाच्या वीज पुरवठा संहितेनुसार मीटर सदोष निघाले तर बिलाची दुरुस्ती वाद उभा राहिल्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतीच होते. वर्षभर कुरकुरत बसलेल्या ग्राहकाचे बाकीचे नऊ महिने गेले.

आणि तोवर बिलाचे काय करायचे? ‘निकाल लागेपर्यंत एक पैसा भरणार नाही’ हा बाणा दिसायला ताठ, पण तोट्याचा. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये यावर तोडगा आहे. मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ‘निषेधासह भरणा’ असे अर्जात लिहून पोच घ्यावी. त्याच कलमानुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दोन वर्षांपूर्वीची, मधल्या बिलांत कधीच न दाखवलेली बाकी अचानक उकरून तिच्यापोटी वीज तोडता येत नाही.

खालच्या पातळीवर दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिथे वकील लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते आणि मंचाने साधारण ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. निकाल पटला नाही तर पुढच्या ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येते. राज्यात लोकपालांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. वीजचोरीची आणि अनधिकृत वापराची प्रकरणे मात्र मंच ऐकत नाही.

अनधिकृत वापरावरून आठवले. घराच्या पुढच्या खोलीत किराणा, शिलाई मशीन किंवा घरगुती पिठाची गिरणी, असे चित्र जिल्ह्यात गल्लोगल्ली आहे आणि ‘स्मार्ट मीटरमुळे आता हे सगळं पकडणार’ ही धास्तीही आहे. आयोगाच्या दरआदेशांत घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याला महिना ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटपर्यंत घरगुती दर देण्याची तरतूद राहत आली आहे. त्या मर्यादेत असणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. त्यापुढे जाणाऱ्याने स्वतःहून वर्ग बदलून घ्यावा. नाहीतर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी दुप्पट दराने होते.

टीओडी सवलतीचा बराच गाजावाजा झाला आहे. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून पुढील वर्षांत एक रुपयापर्यंत सवलत जाहीर झाली. ती मिळते की नाही ते बिलात स्वतंत्र ओळीत शोधावे, कारण दर आयोगाच्या आदेशांबरोबर बदलतात. फायदा किती? दिवसा ४० युनिट वापरले तर महिन्याला ३२ रुपये. पाण्याची मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन आणि गिरणी दुपारी चालवणाऱ्या घराला याहून थोडा जास्त. पण नवरा-बायको दोघेही नऊ ते पाच रानात आणि वीज लागते ती रात्री कूलरला, अशा घराला ही सवलत जवळजवळ नावापुरतीच. मराठवाड्यातली निम्मी घरे कशी जगतात याचा विचार वेळापत्रक ठरवणाऱ्याने केला होता का, असा प्रश्न पडतो. उलट, दिवसा घरात बसून काम करणाऱ्या शिवणकाम, पापड-कुरडयांच्या घरांनी ती पुरेपूर घ्यावी.

बिल भरण्याच्या रीतीत मात्र खरे पैसे वाचतात. प्रत्येक बिलावर तीन रकमा छापलेल्या असतात. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरले तर सुमारे एक टक्का कमी, मुदतीत भरले तर पूर्ण, मुदत उलटली की सव्वा टक्का विलंब आकार. ऑनलाईन भरल्यास पाव टक्का सवलत आहे. छापील बिलाऐवजी ई-मेलवर बिल घेणाऱ्याला ‘गो ग्रीन’मध्ये बिलामागे दहा रुपये मिळत, आता वर्षाचे १२० रुपये पहिल्याच बिलात एकदम मिळतात. रोख भरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. ऑगस्ट २०२३ पासून घरगुती बिलापोटी महिन्याला पाच हजारांपेक्षा जास्त रोख स्वीकारली जात नाही. थकबाकी फेडायला नोटांचे पुडके घेऊन वसमतहून निघण्यापूर्वी हे ठाऊक असलेले बरे. एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागावेत, तेही लेखी.

अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे ते दुसरे बिल म्हणजे डबल वसुली नव्हे. वर्षभराचा सरासरी वापर वाढला की ठेवही वाढते, दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी. ती सहा समान हप्त्यांत भरता येते, तिच्यावर व्याज मिळते आणि ते बिलातून वळते होते. घर विकताना किंवा जोडणी बंद करताना ठेव परत मागायला लोक विसरतात.

आता मोबाईल क्रमांकाकडे वळावे, कारण स्मार्ट मीटरच्या काळात नोटीस, बिल आणि तोडणीचा इशारा सगळे तिथेच येते. कित्येक जोडण्यांना पुण्यात कामाला गेलेल्या मुलाचा जुना क्रमांक लागलेला असतो, नाहीतर काही वर्षांपूर्वी जोडणी घेताना वायरमननेच स्वतःचा टाकलेला. वीज दूरस्थपणे तोडता येते तेव्हा चुकीचा क्रमांक म्हणजे न मिळालेली नोटीस. इंग्रजी अक्षरांत एमआरईजी लिहून, एक जागा सोडून बारा आकडी ग्राहक क्रमांक ९९३०३ ९९३०३ या क्रमांकावर पाठवला की आपला मोबाईल नोंदवला जातो.

याच्या उलट बाजूने येतात भामटे. ‘मागचे बिल अपडेट झाले नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या क्रमांकावर फोन करा’ हा संदेश राज्यभर फिरला आणि अनेकांची खाती रिकामी झाली. महावितरणचा संदेश दहा आकडी खासगी मोबाईल क्रमांकावरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या नावात एमएसईडीसीएल ही अक्षरे असतात. कोणी अ‍ॅप उतरवून घ्यायला, ओटीपी सांगायला किंवा ‘स्मार्ट मीटर चालू करण्यासाठी दहा रुपये पाठवा’ म्हणायला लागला तर फोन ठेवून द्यावा.

नवे मीटर आपले रीडिंग मोबाईलच्या नेटवर्कमार्फत पाठवते. औंढा नागनाथ तालुक्यात विश्वातल्या गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभी राहणार आहे, आणि त्याच डोंगराळ भागातल्या वाडीत साध्या फोनसाठी माळावर चढावे लागते, हा विरोधाभास तिथल्या लोकांना नवा नाही. रेंज नसली तर मीटर मोजणी थांबवत नाही. ते नोंदी साठवून ठेवते आणि जोडणी मिळाली की पाठवते. तरीही अशा गावांत महिन्याच्या एका ठरावीक तारखेला मीटरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा. महावितरणच्या अ‍ॅपवर तासागणिक वापर दिसतो; अ‍ॅपवरचा आकडा आणि भिंतीवरचा आकडा जुळत नसेल तर तो फोटो बोलेल.

शेवटी, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांविषयी. पूर्वी घराला कुलूप असले की रीडिंग घेणारा ‘लॉक’ शेरा मारून सरासरी बिल टाकायचा आणि पाच-सहा महिन्यांनी परतलेल्या कुटुंबापुढे न जाळलेल्या विजेची थकबाकी उभी राहायची. स्मार्ट मीटरमुळे हे थांबायला हवे, कारण रीडिंग आता दाराच्या कुलपावर अवलंबून नाही. बंद घराला शून्य युनिटचे बिल यावे, फक्त स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क. तो मात्र येतच राहतो, आणि न भरल्यास त्यावरही वीज तुटते. जाण्याआधी मेन स्विच बंद करावा, मीटरचा फोटो काढावा, सोबत न्यायच्या मोबाईलचा क्रमांक नोंदवावा आणि पाच-सहा महिन्यांचा स्थिर आकार आगाऊ भरून टाकावा; आगाऊ भरलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती होते. फडावर असताना सरासरीचे बिल आले तर परतण्याची वाट न पाहता तिथूनच १९१२ वर तक्रार नोंदवावी, कारण थकबाकी गाळप हंगाम संपण्याची वाट पाहत नाही.